गावातलं वायरलेस नेट: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी रत्नागिरी जिल्ह्यात, संगमेश्वर तालुक्यातल्या एका वाडीत राहते आणि पुण्यातल्या एका ऑफिसचे हिशेब घरून करते. २०२०च्या लॉकडाऊनमध्ये ठाण्याहून गावी आलो आणि इथेच राहिलो. तेव्हापासून आमच्या घरी तीन वेगवेगळ्या डिशा बसल्या, त्यातल्या दोन उतरल्या. त्यामुळे आसपासच्या पाच-सहा वाड्यांत कुणाला नेट घ्यायचं असलं की फोन मला येतो. तीच उत्तरं परत परत देऊन घसा सुकला, म्हणून एकदाचं लिहून ठेवते. मी इंजिनिअर नाही आणि कुठल्या कंपनीची एजंटही नाही. महिन्याचं बिल भरते, तेवढाच माझा अधिकार.

वायरलेस ब्रॉडबँड म्हणजे मोबाइलचा हॉटस्पॉटच ना?

नाही. हॉटस्पॉट म्हणजे खिशातल्या फोनला मिळालेल्या रेंजमधली वाटणी. वायरलेस ब्रॉडबँडमध्ये घराच्या छपरावर एक डिश किंवा डबा कायमचा बसतो, तो एका ठरावीक टॉवरकडे तोंड करून असतो आणि तिथून केबल घरातल्या राऊटरला येते. फोन कौलाखाली, चिऱ्याच्या भिंतीआड असतो. डिश बाहेर, उंचावर. अर्धा फरक तिथेच पडतो.

आपल्याकडे याचे दोन प्रकार दिसतात. पहिला, स्थानिक केबलवाल्याचा किंवा छोट्या कंपनीचा. देवरुखसारख्या गावापर्यंत फायबर येते, तिथून सड्यावरच्या, म्हणजे डोंगरमाथ्याच्या कातळावरच्या, एका खांबावर आणि खांबावरून आपल्या डिशवर ५ गिगाहर्ट्झच्या लहरींनी. या लहरींना लायसन्स लागत नाही. ऑक्टोबर २०१८मध्ये सरकारने या लहरींच्या पट्ट्याचा मोठा भाग मोकळा केला आणि त्यानंतर असे खांब गावोगाव उभे राहिले. बीएसएनएलचं भारत एअरफायबरही स्थानिक भागीदारांमार्फत याच पद्धतीने चालतं.

दुसरा प्रकार मोठ्या मोबाइल कंपन्यांच्या एअरफायबरचा. एअरटेलने तो ऑगस्ट २०२३मध्ये आणला, जिओने सप्टेंबर २०२३मध्ये. यात छपरावरचा डबा ५जी टॉवर पकडतो. मात्र एअरफायबर या नावाखाली काही ठिकाणी ५जीऐवजी वर सांगितलेला मोकळा पट्टाच वापरतात. बसवायला येणाऱ्या मुलाला सरळ विचारा, "ह्यो डबा ५जीवर चालणार की पॉइंट टू पॉइंट, म्हणजे सड्यावरच्या खांबावरून?" तो दचकला तरी उत्तर देतो.

सॅटेलाइटचा तिसरा प्रकारही आहे, त्याबद्दल खाली लिहिलंय.

आमच्या घरी चालेल की नाही, हे पैसे भरण्याआधी कसं ओळखायचं?

हा खरा प्रश्न आहे, आणि नेमका तोच कुणी विचारत नाही. लोक विचारतात, "कुठली कंपनी चांगली?" अहो, कंपनी नंतर. आधी तुमच्या छपरावरून खांब दिसतो का?

आमची पहिली डिश एप्रिलमध्ये बसली. सड्यावरचा खांब घरापासून जेमतेम तीन किलोमीटर, मधे पऱ्या (ओढा) आणि पलीकडे शेजारच्या काकांचं सागाचं बन. बसवणाऱ्या मुलाने दुर्बीण लावून दाखवलं, खांब स्वच्छ दिसत होता. ४० एमबीपीएसच्या प्लॅनला ३८ मिळाले. मी खूश. घरात लापशी केली.

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात स्पीड २० वर आला. महिनाअखेरीस ६. जुलैमध्ये दिवसातून दहा वेळा तुटायला लागलं. कंपनी म्हणाली पाऊस आहे, मी म्हटलं खरंच पाऊस आहे. मग एका सकाळी उघाड पडली, लख्ख ऊन, आणि तरीही स्पीड पाचच. तेव्हा मी माळ्यावरून कौल सरकवून बाहेर बघितलं. खांब दिसेना. जिथे एप्रिलमध्ये सागाचे नुसते सोटे होते तिथे सुपाएवढ्या पानांची भिंत उभी होती.

साग, ऐन, किंजळ ही आपल्याकडची झाडं उन्हाळ्यात उघडीबोडकी असतात. बहुतेक कनेक्शनं मात्र मार्च ते मे या काळातच बसतात, कारण पावसात कौलांवर कुणी चढत नाही. म्हणजे पाहणी नेमकी चुकीच्या महिन्यात होते. कोकणातला हा एवढा एक मुद्दा लक्षात ठेवलात तर पुढचे निम्मे प्रश्न तुम्हाला पडणारच नाहीत. कनेक्शन एप्रिलमध्ये घ्या, पण जागा जुलैच्या डोळ्यांनी बघा. मधल्या रेषेत कुठली झाडं आहेत, ती पावसाळ्यात किती पसरतात, हे तुम्हाला माहीत असतं. शहरातून आलेल्या मुलाला नसतं.

आणि नुसता खांब दिसला म्हणजे झालं असंही नाही. लहरी दोरीसारख्या सरळ बारीक रेषेत जात नाहीत, मधे फुगतात. ५ गिगाहर्ट्झवर तीन किलोमीटरचं अंतर असेल तर मध्यावर रेषेच्या चारही बाजूंना साधारण सहा मीटरचा घेर असतो, आणि त्यातला निदान साठ टक्के भाग मोकळा लागतो. म्हणजे झाडाच्या शेंड्यावरून खांबाचं टोक जेमतेम डोकावत असेल तर ते पुरेसं नाही. चार मीटर मोकळीक हवी.

सोपी चाचणी म्हणजे रात्री कुणाला तरी खांबाशी टॉर्च घेऊन पाठवायचं आणि आपण छपराच्या उंचीवरून बघायचं. उजेड ठळक दिसला तर ठीक. लुकलुकला तर मधे पानं आहेत.

मग ती झाडं तोडून टाकायची का?

थांबा. एक तर झाड बहुधा दुसऱ्याचं असतं, आणि गावात नेटपेक्षा शेजार जुना. दुसरं, महाराष्ट्रात झाडं तोडण्याबाबत १९६४चा कायदा आहे. साग, आंबा, फणस, ऐन, किंजळ, जांभूळ अशी झाडं त्याच्या यादीत आहेत. स्वतःच्या जमिनीतलं असलं तरी परवानगी लागते. आम्ही काकांशी बोललो. ते म्हणाले, "पोरी, सागाचं वय चाळीस, तुझ्या डिशचं तीन म्हयने. डिश हलव." डिश हलवली. घराऐवजी गोठ्याच्या मागे वीस फुटी जीआय पाईप उभा केला, तिथून खांब सागाच्या डाव्या अंगाने दिसतो. पाईप, तीन तारांचे ताण आणि गवंड्याची अर्ध्या दिवसाची मजुरी धरून जो खर्च आला तो वर्षाच्या बिलाच्या निम्मा होता, पण त्यानंतर चार पावसाळे निघाले.

डिश बसवताना आपण काय बघायचं?

समोर उभं राहायचं, हे पहिलं. चहा टाकायला आत गेलात की केबल कौलातून कशीही खुपसली जाते.

डिश जागेवर आली की मुलगा मोबाइलवर सिग्नलचा आकडा बघतो. हा आकडा उणे असतो, त्यामुळे गोंधळ होतो. उणे ५५ ते उणे ६५ म्हणजे छान, उणे ७५च्या पलीकडे गेला तर पावसाळ्यात रडणार. आमच्याकडे दुसऱ्यांदा बसवताना मुलगा पाईपवर आणि मी खाली त्याचा फोन धरून. "किती?" "एकाहत्तर." त्याने अर्धा इंच डावीकडे फिरवली. "आता?" "चौसष्ट... साठ... अठ्ठावन्न! थांब! पुढे गेलास, परत त्रेसष्ट, मागे ये." अठ्ठावन्नवर नट आवळला आणि आवळता आवळता परत एकसष्ट झालं. त्याचं म्हणणं "चालतंय ओ". मी म्हटलं, चालत नाही, सैल कर. त्याने केलं, कुरकुरत केलं. तुम्हीही करायला लावा. तो आकडा तारखेसकट भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवा. वर्षभराने वाद झाला तर उपयोगी पडतो.

केबल बाहेरच्या वापराची आहे ना, हे विचारा. घरातली साधी केबल उन्हात दोन उन्हाळ्यांत तडकते आणि मग पाणी पिते. केबल भिंतीत शिरण्याआधी तिला खाली एक वाक द्यायचा, म्हणजे पावसाचं पाणी त्या वाकावरून ठिबकतं, राऊटरपर्यंत येत नाही. आमच्या दुसऱ्या कंपनीने हा वाक दिला नव्हता. त्या वर्षी ऑगस्टमध्ये अडॅप्टर उघडला तेव्हा आत हिरवी बुरशी होती.

पाऊस लागला की नेट जातंच, त्याला काही इलाज नाही, खरं का?

अर्धं खोटं. ५ गिगाहर्ट्झच्या लहरींना तीन-चार किलोमीटरवर पावसाच्या थेंबांनी फारसा फरक पडत नाही. पावसाने खरोखर अडतं ते वरच्या पट्ट्यांवर, म्हणजे सॅटेलाइटचं किंवा २६ गिगाहर्ट्झचं. आपल्या खांबाच्या नेटला पाऊस थेट मारत नाही. तो ओली पानं, सांध्यात शिरलेलं पाणी, वाऱ्याने हललेला खांब आणि मुख्य म्हणजे गेलेली लाईट यांच्या हातून मारतो. यातल्या प्रत्येकाला वेगळा इलाज आहे. "पाऊस आहे हो ताई" म्हणून फोन ठेवणाऱ्याला विचारा की यातलं नेमकं काय झालंय.

लाईट गेली की नेट जातं. इन्व्हर्टर घेऊनही जातं. का?

कारण तुमच्या इन्व्हर्टरवर राऊटर आहे, पण डिशचा अडॅप्टर दुसऱ्या प्लगवर आहे. हे मी निदान सहा घरांत पाहिलं. वायरलेस नेटमध्ये घरात दोन अडॅप्टर असतात. एक राऊटरचा, बहुधा १२ व्होल्टचा. दुसरा काळा छोटा डबा, ज्यातून नेटच्याच केबलने डिशला वीज जाते. त्याला पीओई म्हणतात. दोन्ही बॅकअपवर हवेत. बाजारात मिळणारा राऊटरचा मिनी यूपीएस बरेचदा फक्त १२ व्होल्ट देतो आणि डिश उपाशी राहते. घेताना पीओईचं तोंड असलेला मागा.

वीज फार लागत नाही. डिश आणि राऊटर मिळून साधारण १५ वॅट. जुन्या स्कूटरमधल्या बॅटरीएवढी १२ व्होल्ट ७ अँपिअर-अवरची बॅटरी कागदावर ८४ वॅट-अवर देते, प्रत्यक्षात चारेक तास निघतात. घरात १५० अँपिअर-अवरच्या बॅटरीचा इन्व्हर्टर असेल तर पंखे बंद ठेवून नेट दिवस-रात्र चालेल.

पण खांबाची बॅटरी संपली तर तुमच्या घरात जनरेटर असून काही होत नाही. म्हणून कनेक्शन घेताना विचारायचा दुसरा प्रश्न असा, की सड्यावरच्या खांबाला किती तासांचा बॅकअप आहे आणि लाईट कुठल्या फीडरवरून (वीज कंपनीच्या लाईनवरून) घेतली आहे? आमच्या आताच्या माणसाने सोलर पॅनल लावलंय. स्पीडमध्ये तो आधीच्यापेक्षा कमीच आहे. तरी मी त्याला सोडत नाही.

४० एमबीपीएसचा प्लॅन आहे, डाऊनलोड करताना पाचच दिसतात. फसवणूक आहे का?

बहुधा नाही. प्लॅन मेगाबिटमध्ये असतो, डाऊनलोडचा आकडा मेगाबाइटमध्ये. आठ बिटचा एक बाइट. ४० भागिले ८ म्हणजे ५. बरोबर मिळतंय तुम्हाला.

स्पीड टेस्टवरच कमी दिसत असेल तर आधी वायफायवर संशय घ्या. आपली घरं जांभ्या दगडाची, भिंत हातभर जाड. राऊटर ओटीवर आणि मुलगा माजघराच्या पलीकडे अभ्यासाला, मधे दोन चिऱ्याच्या भिंती. तिथे ५ गिगाहर्ट्झचं वायफाय पोहोचत नाही, २.४चं रांगत पोहोचतं. लॅपटॉपला केबल लावून टेस्ट करा. केबलवर ३८ आणि वायफायवर ७ आले तर कंपनीला फोन करू नका. राऊटर मधल्या खोलीत आणा, नाहीतर पन्नास फूट केबल ओढून आत दुसरा राऊटर लावा.

केबलवरही कमी असेल तर सकाळी सहाला आणि रात्री नऊला अशी आठवडाभर टेस्ट करा. सकाळी ३५ आणि रात्री ४ असा फरक म्हणजे खांबावर गर्दी. दोन्ही वेळा कमी म्हणजे डिश हलली किंवा झाड वाढलं.

सरकारी व्याख्येत ब्रॉडबँड म्हणजे निदान किती हेही जाणून घ्या. आधी ५१२ केबीपीएस, म्हणजे अर्धा एमबीपीएस, पुरत होतं, २०२३च्या जानेवारीत ते २ एमबीपीएस झालं. फार नाही, पण भांडताना हाताशी असावं.

गणपतीत आणि मे महिन्यात नेट का रडतं?

चाकरमानी! एका खांबावर समजा चाळीस घरं आहेत. एरवी त्यातल्या पंधरा घरांत म्हातारी माणसं, दिवसाला चार व्हॉट्सॲप व्हिडिओ. गणपतीत त्याच चाळीस घरांत प्रत्येकी दहा माणसं, प्रत्येकाच्या हातात फोन, आणि रात्री आरतीनंतर सगळे एकदम आरतीचेच व्हिडिओ चढवतात. खांबाची एकूण क्षमता सगळ्यांत वाटलेली असते, ती काही मुंबईहून वाढवून येत नाही. मोबाइल टॉवरचंही तेच होतं, त्यामुळे ५जी एअरफायबरवाल्यांनी हसू नये.

मी त्या दहा दिवसांत ऑफिसचं काम पहाटे पाच ते आठ उरकते. याखेरीज एकच उपाय मला सापडलाय. खांबाची क्षमता वाढवायची आठवण कंपनीला जुलैमध्येच करून द्यायची. एका वर्षी आमच्या माणसाने खांबावर दुसरा सेक्टर (आणखी एक अँटेना) चढवला होता, तेव्हा फरक पडला.

अनलिमिटेड म्हणजे खरंच अमर्याद?

मोठ्या कंपन्यांच्या एअरफायबरला महिन्याला १ टीबी, म्हणजे १००० जीबीची मर्यादा छोट्या अक्षरांत असते. ती ओलांडली की स्पीड गळपटतो. एचडी सिनेमाला तासाला दोन-तीन जीबी जातात, म्हणजे साध्या घराला १००० जीबी भरपूर. स्थानिक कंपन्यांत प्रत्येकाचे नियम वेगळे. मर्यादेनंतर किती स्पीड राहतो, हे लिहून मागा.

आंब्याच्या बागेत कॅमेरे लावायचेत. चालेल?

चालेल, पण हिशेब उलटा आहे. कॅमेऱ्याला डाऊनलोड नाही, अपलोड लागतो. सतत २ मेगाबिटने चढवणारा एक कॅमेरा दिवसाला साधारण २१ जीबी आणि महिन्याला ६५० जीबी खातो. असे चार लावले तर वरची मर्यादा पहिल्या पंधरवड्यातच उडेल. म्हणून रेकॉर्डिंग बागेतल्याच डब्यात ठेवा आणि हालचाल झाली तरच फोनवर पाठवायचं सेटिंग करा. (पहिल्या रात्री शंभर वेळा फोन वाजेल. वटवाघळं.)

दुसरी अडचण अशी की बहुतेक कंपन्या एकच सार्वजनिक आयपी पत्ता (इंटरनेटवरचा घर नंबर) अनेक ग्राहकांत वाटतात, त्यामुळे जुन्या पद्धतीच्या डीव्हीआरला (रेकॉर्डिंगच्या डब्याला) बाहेरून थेट जोडता येत नाही. कॅमेरा कंपनीच्या ॲपमधून दिसतो. थेटच हवं असेल तर स्थिर आयपी वेगळे पैसे देऊन घ्यावा लागतो.

वीज पडून डिश जळली तर कोण भरून देणार?

बहुधा तुम्हीच, कारण करारात तसंच लिहिलेलं असतं. वळिवाच्या आणि परतीच्या पावसात, म्हणजे मे-जूनच्या तोंडाला आणि ऑक्टोबरमध्ये, धोका जास्त. आभाळ भरून आलं की गडगडाट सुरू होण्याआधीच आवरा, फक्त बटण बंद करून भागत नाही. पीओईचा प्लग काढा आणि राऊटरला येणारी केबलही उपसा. विजेचा दाब त्या केबलमधूनच आत येतो. लोखंडी पाईपला वेगळं अर्थिंग द्या, घराच्या मीटरच्या अर्थिंगला जोडू नका असं आमचा वायरमन सांगतो, तर बसवणारा मुलगा सांगतो दोन्ही एकत्र बांधा. मी शेवटी लायसन्सवाल्या इलेक्ट्रिशियनला पैसे देऊन करून घेतलं. तुम्हीही तसंच करा, माझ्या लिहिण्यावर जाऊ नका.

माकडं?

वानरं केबलला लोंबकळतात आणि डिशवर बसून तिचं तोंड फिरवतात. केबल पाईपच्या आतून घ्या. डिशचं काय करायचं ते मला अजून समजलेलं नाही. आमचा कुत्रा थोडंफार भुंकतो.

घेताना कागदावर काय लिहून घ्यायचं?

डिश आणि राऊटर कुणाच्या मालकीचे, हे सगळ्यांत आधी. कंपनीचे असतील तर अनामत किती, परत कधी मिळणार, बिघडले तर बदलून कोण देणार. बसवायचे पैसे वेगळे आहेत की वर्षाचा प्लॅन घेतल्यावर माफ होतात. दरावर १८ टक्के जीएसटी धरला आहे की वर लागणार. ५९९ सांगतात आणि बिल ७०७ चं येतं, ते यामुळे.

पहिल्या खेपेला वर्षाचे पैसे भरू नका, सवलत कितीही गोड असली तरी. तीन महिन्यांचे भरा, आणि त्या तीन महिन्यांत जुलै येईल असं बघा.

स्थानिक माणसाकडे स्वतःचं इंटरनेट लायसन्स आहे की तो दुसऱ्या कंपनीची फ्रँचायझी चालवतो, हे विचारायला लाजू नका. जीएसटी नंबर असलेलं पक्कं बिल मागा. नुसत्या गुगल पेवर पैसे घेऊन "मी आहे ना" म्हणणारा माणूस स्वभावाने लाख चांगला असेल, पण तक्रार करायची वेळ आली तर तुमच्या हातात काहीच राहत नाही.

तक्रार कुठे करायची? इथे तर फोनच उचलत नाहीत.

मला हे शिकायला अकरा दिवस लागले. दुसरी कंपनी होती तेव्हा एका सोमवारी नेट गेलं. रोज फोन केला, रोज "टॉवरचं काम सुरू आहे, संध्याकाळपर्यंत होईल". अकराव्या दिवशी मी स्वतः सड्यावर चढून गेले. खांबाखाली काम सोडाच, माणसाचं पाऊलही उमटलेलं नव्हतं. बॅटरीची पेटी उघडी आणि आत बॅटरी नाही.

चूक माझी अशी झाली की मी सगळे फोन ओळखीच्या मुलाच्या मोबाइलवर केले. त्याची कुठेच नोंद नाही. ग्राहक सेवेच्या नंबरवर किंवा ॲपवर तक्रार करायची आणि तक्रार क्रमांक मागून घ्यायचा. क्रमांक नाही तर तक्रार नाही. तिथे समाधान झालं नाही तर त्याच कंपनीच्या अपिलीय प्राधिकरणाकडे ३० दिवसांच्या आत अपील करता येतं, त्याला फी नाही, आणि त्यांनी ३९ दिवसांत निकाल द्यायचा असतो. ही दोन पायऱ्यांची पद्धत ट्रायच्या (दूरसंचार नियामकाच्या) २०१२च्या नियमांतली आहे. ट्रायला थेट लिहिलं तर ते वैयक्तिक तक्रार सोडवत नाहीत, कंपनीकडे पाठवून देतात. त्यापुढे दूरसंचार विभागाचं तक्रार पोर्टल आहे आणि राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा नंबर, तिथे मराठीतही बोलता येतं.

जिल्हा ग्राहक आयोगात टेलिकॉमची तक्रार चालत नाही, असं कुणी ठासून सांगितलं तर त्याला सांगा की फेब्रुवारी २०२२मध्ये सर्वोच्च न्यायालयाने चालते असा निकाल दिलाय. मी तिथवर गेले नाही. अपिलाचा ईमेल गेला आणि चौथ्या दिवशी अनामत परत आली. बॅटरी मात्र शेवटपर्यंत आली नाही.

टॉवरमुळे मोहोर गळतो, नारळ पोकळ येतात म्हणतात. खरं?

सासूबाईही हेच म्हणायच्या. मोहोर गळायला तुडतुडे, भुरी, अवकाळी पाऊस आणि मधेच वाढलेली थंडी पुरेशी असते, आणि ती टॉवर नव्हते तेव्हाही होती. आपल्या डिशमधून निघणाऱ्या लहरींची ताकद एक वॅटच्या आतली. मोबाइल टॉवरच्या उत्सर्जनाची भारतातली मर्यादा सप्टेंबर २०१२पासून आंतरराष्ट्रीय मर्यादेच्या एक दशांश आहे. गावातल्या टॉवरची माहिती सरकारच्या तरंग संचार पोर्टलवर बघता येते. सासूबाईंना मी हे सगळं वाचून दाखवलं. त्या म्हणाल्या, "असू दे, पण डिश माझ्या आंब्याच्या बाजूला नको." म्हणूनही ती गोठ्यामागे गेली.

ग्रामपंचायतीपर्यंत फायबर आलंय. घरी येईपर्यंत थांबू का?

ग्रामपंचायतीत फायबर नेण्याची योजना २०११मध्ये मंजूर झाली, तिचं नाव पुढे भारतनेट झालं. ऑगस्ट २०२३मध्ये केंद्राने सुधारित योजनेला १ लाख ३९ हजार कोटी मंजूर केले, त्यात दीड कोटी ग्रामीण घरजोडण्यांचं उद्दिष्ट आहे. म्हणजे येणार नाही असं मी म्हणत नाही. पण ग्रामपंचायत ते आपली वाडी हे दोन किलोमीटर, मधे घाटी, पऱ्या आणि दर पावसात कोसळणारी दरड. ज्या वाडीत फायबर घरापर्यंत आलंय त्यांनी डोळे मिटून तेच घ्यावं, वायरलेसचा विचारही करू नये. बाकीच्यांनी मुलांचं वर्ष थांबवून ठेवू नये. २०२०मध्ये सिंधुदुर्गातल्या एका विद्यार्थिनीला रेंजसाठी डोंगरावर झोपडी बांधून अभ्यास करावा लागला होता, ती बातमी आपण सगळ्यांनी कौतुकाने पुढे पाठवली. कौतुक तिचं, लाज आपली.

स्टारलिंक, म्हणजे ते सॅटेलाइटचं नेट, आलं की हे सगळं संपेल ना?

जिथे कुठलाच खांब दिसत नाही अशा दरीतल्या घरांना त्याचा उपयोग आहे. त्याचे उपग्रह साधारण पाचशे-साडेपाचशे किलोमीटरवर फिरतात, त्यामुळे ३५,७८६ किलोमीटरवरच्या जुन्या उपग्रहांसारखं बोलणं अर्धा सेकंद मागे राहत नाही. जून २०२५मध्ये त्यांना भारतात लायसन्स मिळालं, नोव्हेंबर २०२५मध्ये महाराष्ट्र सरकारने त्यांच्याशी इरादापत्र केलं आणि त्यात गडचिरोली, नंदुरबार, धाराशिव, वाशीम या जिल्ह्यांची नावं पुढे आहेत. तरी लक्षात घ्या, त्या डिशलाही मोकळं आकाश लागतं, सागाखाली तीही चालणार नाही. तिला वीजही आपल्या छोट्या डिशच्या कितीतरी पट लागते, आणि मुसळधार पावसाचा फटका तिला खरोखर बसतो.

तुम्ही स्वतः काय वापरता?

गोठ्यामागच्या पाईपवर स्थानिक माणसाचं ३० एमबीपीएस. तो तुटला तर मोबाइलचं सिम घातलेला छोटा राऊटर, आणि महिनाअखेरीच्या हिशेबाच्या दोन दिवसांत दोन्ही चालू. पाईपवरचा आकडा आज सकाळी उणे ६० होता. काकांच्या सागाला पालवी फुटायला लागली आहे, पंधरवड्याने परत बघीन.